गोल बुडाची बादली

मित्रांनो, मी एक जुनी बादली आहे आणि मला जमिनीवर उभं राहता येत नाही. माझं बूड गोल आहे. खाली ठेवलं की मी कलंडते, पोटात असेल ते सांडते आणि गडगडत जाऊन भिंतीला आपटते. हा काही घडवणाऱ्याचा हलगर्जीपणा नव्हे. मला मुद्दाम असं केलं आहे. मी आगीची बादली. सपाट बुडाची बादली दिसली की कुणी ती फरशी पुसायला नेतो, कुणी कपडे भिजवायला, आणि खरी आग लागते तेव्हा भिंतीवरचा आकडा रिकामा असतो. माझा असा मोह कुणालाच होऊ नये, म्हणून मला हे बूड दिलं.

एका कारखान्यात पत्रा गोल वाकवून माझी शिवण ठोकली, बूड जोडलं आणि मला वितळलेल्या जस्तात बुचकळून काढलं. काठ तारेवर वळवला, म्हणजे हाताला लागू नये. बाहेरून लाल रंग दिला. मग मी सैन्याच्या एका गोदामात आले आणि कोरडी, चाळलेली वाळू पोटात घेऊन भिंतीवर टांगून राहिले. आग कधी लागलीच नाही. एक जवान अधूनमधून येऊन मला फडक्याने पुसायचा. खरं सांगते, त्या गोदामात माझ्याइतकं स्वच्छ कुणी नव्हतं.

पुढे सैन्याला ते गोदाम नकोसं झालं. तिथे माजी सैनिकांची दारू सोडवण्याचं केंद्र निघालं. वर डॉक्टर आणि खाटा, खाली समुपदेशन करणाऱ्या मॅडमची खोली. भिंतींना अर्ध्यापर्यंत ऑइलपेंट, मधोमध गोलात मांडलेल्या खुर्च्या, एका टेबलावर पाण्याचा जग, आणि खुर्चीमागे चौकटीत मॅडमचा परवाना. व्यसनमुक्तीचा समुपदेशक होण्यासाठी परीक्षा द्यावी लागते, कुणाच्या तरी देखरेखीखाली काम करावं लागतं आणि परवाना ठरावीक मुदतीने नवा करून घ्यावा लागतो, हे मला तिथे टांगल्या टांगल्या कळलं. सैनिकांना त्याचं काही वाटत नसे.

"मॅडम, तुम्ही कधी खंदकात झोपलात का?" तोफखान्यातल्या एकाने पहिल्याच दिवशी विचारलं.

"नाही. तुम्ही कधी दारूशिवाय झोपलात का?"

सगळे हसले. तोही हसला. हसता हसता त्याचा चेहरा पांढरा पडला, त्याने पोट धरलं आणि तो पुढे वाकला. केंद्रातले मदतनीस, ज्यांना सगळे मामा म्हणत, हाताला काही लागेना म्हणून माझ्याकडे धावले. माझी वाळू त्यांनी खिडकीतून बाहेर ओतली आणि मला त्या माणसासमोर जमिनीवर ठेवलं.

मी कलंडले. त्याची पहिली ओकारी मॅडमच्या बुटांवर गेली. त्यांनी मला उचललं आणि त्याच्या हनुवटीखाली धरलं. मग माझ्यात जे आलं ते, शी! ते गरम असतं, मित्रांनो. हे कुणी सांगत नाही. लांबून नुसतं घाण दिसतं. आतून ते गरम, तारा सुटणारं, आंबट आणि शेवटी शेवटी हिरवट कडू असतं. इतकी वर्षं कोरड्या वाळूत काढलेल्या मला वाटलं, आता मला वितळवून टाकलं तरी चालेल.

त्यानंतर प्लॅस्टिकची बादली आणली. मला फार बरं वाटलं. ती निळी, सपाट बुडाची, कुठेही मुकाट बसणारी. कुणाला मळमळलं की मामा ती त्याच्या पायाशी ठेवत, बाकीचे आपापल्या खुर्च्या मागे सरकवत आणि तो माणूस बादलीत डोकं घालून एकटा बसे. वर आला की कुणी त्याच्याकडे पाहत नसे. मॅडमनी हे बरेच दिवस पाहिलं. मग त्यांनी निळी बादली फरशी पुसायला देऊन टाकली आणि मामांना म्हणाल्या, "ती लालच राहू द्या. ती कुणीतरी धरावी लागते."

तेव्हापासून नियम झाला. ज्याला मळमळेल त्याच्या शेजारच्याने मला धरायचं. सैनिकांनी त्याला 'बादली ड्युटी' नाव ठेवलं.

"मॅडम, घाण वाटते हो."

"मलाही वाटते. तोंड वाकडं करा, फक्त बादली सरळ धरा."

माझी किळस कमी झाली असं समजू नका. ती वाढली. आम्ल जस्त खातं. माझ्या आतला चकचकीतपणा गेला, शिवणीपाशी पांढरे चट्टे पडले. आणि नुसत्या ओकारीचीच किळस आली असं नाही. "आई शपथ, एक थेंब नाही घेतला," असं म्हणत तोच थेंब माझ्यात ओतणारे मी पाहिले. एकदा पाहणीला एक मोठे साहेब आले. त्यांनी नाकाला रुमाल लावून शौर्यावर भाषण केलं आणि जाताना माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे असलं दर्शनी भागात कशाला? आत टाका." त्यांच्या रुमालाला अत्तराचा भपकारा होता. मला तोही सोसवला नाही.

आता 'वायरलेस'बद्दल सांगते. हा सैन्यात संदेश पाठवायच्या यंत्रावर बसायचा. गोलात तो सगळ्यांत कमी बोलायचा, म्हणून हे नाव. त्याचं केंद्रात बरं चाललं होतं. डॉक्टरांनी त्याला एक गोळी सुरू केली होती. ती रोज घेणाऱ्याने दारूचा घोट घेतला, तर शरीरात दारूचं विघटन अर्ध्यावर अडकतं आणि मधल्या टप्प्यावरचं विष रक्तात साठत जातं. तोंड लालभडक होतं, छाती धडधडते आणि ओकाऱ्या सुरू होतात. हे त्याला नीट समजावून, त्याची सही घेऊनच गोळी दिली होती.

महिनाअखेरीला त्याला केंद्रातली खाट सोडायची होती. बायको वारलेली. जाण्यासारखं घर एकच, मुलाचं. तो मुलगा कित्येक वर्षं त्याच्याशी बोलला नव्हता. मॅडमनी तीनदा फोन केल्यावर तो एकदाचा भेटायला तयार झाला. बापाला घरी न्यायचं की नाही, ते त्या भेटीत ठरायचं होतं.

त्या दिवशी वायरलेस पास घेऊन बाहेर केस कापायला गेला. खरंच कापून आला, कानाजवळचे सुद्धा बारीक करून. इस्त्रीचा शर्ट घालून तो माझ्याखालच्याच खुर्चीत बसला. मला त्याच्या तोंडाचा वास आला. मी काय करणार? मला तोंड आहे, पण ते वरून उघडं आहे एवढंच.

मुलगा आला, पण बसला नाही. पाठीवरची बॅगही त्याने काढली नाही.

"बसा ना," मॅडम म्हणाल्या.

"उभा बरा आहे."

"छकुली कशी आहे?" वायरलेसने विचारलं.

"शाळेत जाते."

"आणि सूनबाई?"

"बरी आहे."

मॅडम म्हणाल्या, "इथून पुढे यांनी राहायचं कुठे, हे आज बोलायचंय. तुमच्या मनात असेल ते सांगा. गोड बोलायची गरज नाही."

"मग स्पष्टच सांगतो. मला यांची किळस येते."

मला वाटलं, आता मॅडम त्याला समजावतील, बाप आहे वगैरे म्हणतील. त्यांनी नुसती मान हलवली. "नेमकी कशाची?"

मुलगा गोंधळला. हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. "वासाची," तो म्हणाला. "सतरंजीच्या दोऱ्यांत बसतो ना, त्या आंबट वासाची. कितीही घासा, तो जात नाही. मुलगी तापात ओकली तरी मी खोलीबाहेर पळतो. बायको म्हणते, कसला बाप आहेस."

"सतरंजी तर तुझी आई धुवायची," वायरलेस म्हणाला.

मुलाने त्याच्याकडे पाहिलं, पण तो काही बोलायच्या आत वायरलेसचं तोंड लाल व्हायला लागलं. आधी कान, मग मान, मग कपाळ. मॅडम ताडकन उठल्या.

"किती घेतली?"

"नाही घेतली."

"किती?"

"दोन घोट. हा येणार म्हणून... हिंमतच होईना."

"मामा, पळा, डॉक्टरांना बोलवा! गोळीवर प्यायलेत म्हणून सांगा!"

मामा जिन्याकडे धावले. मॅडम गुडघ्यांवर बसल्या. एका हाताने त्याची नाडी धरली, दुसरा हात त्याच्या पाठीमागून घातला, कारण तो खुर्चीवरून घसरत होता. "ती बादली घ्या!"

मुलाने मला आकड्यावरून काढलं आणि बापाच्या पायाशी ठेवून दिलं. मी कलंडले.

"अहो, ही उभीच राहत नाही!"

"हातात धरावी लागते."

"मी?"

"माझे दोन्ही हात गुंतलेत."

त्याने मला धरलं. हात पूर्ण लांब करून, तोंड दाराकडे फिरवून. आणि बाप ओकला. मी मुलाकडे पाहत होते. त्याच्या घशातही काहीतरी वर येत होतं आणि तो ते गिळत होता. मित्रांनो, हात लांब केला की तेच वजन फार जड होतं. दुसऱ्या ओकारीनंतर त्याचे खांदे थरथरायला लागले आणि त्याला मला जवळ घ्यावं लागलं. मायेने नव्हे, वजनाने. आता बापाचं तोंड आणि त्याचं तोंड यांत वीतभर अंतर राहिलं. वायरलेसने डोळे घट्ट मिटले होते.

"डोळे उघडा," मुलगा म्हणाला.

वायरलेसने मान हलवली.

"उघडा, बाबा. तेव्हा तुम्ही झोपलेले असायचात. उठायचात तोवर सगळं पुसलेलं असायचं. आज जागे आहात. बघा."

त्याने डोळे उघडले.

"आई धुवायची म्हणे! आई आतल्या खोलीत कडी लावून बसायची. दप्तर भरायच्या आधी मी ती सतरंजी धुवायचो. वाळली नाही तर तीच ओली अंथरायचो, तुम्ही ओरडू नये म्हणून."

"तू?"

"मग कोण?"

"तू तर एवढासा होतास."

"हो. बादली दोन हातांनी ओढत न्यायचो, एवढासा."

वायरलेसला पुन्हा उमासा आला. या वेळी त्याने डोळे मिटले नाहीत. ओकता ओकता तो वर, मुलाकडे पाहत राहिला. मुलाच्या नाकपुड्या फुगल्या होत्या, ओठ मुडपले होते, डोळ्यांत पाणी होतं. त्या चेहऱ्यावर किळसच होती, मी तिला दुसरं नाव देणार नाही. पण ती पहिल्यांदा ज्याची होती त्याच्यासमोर आली होती. मॅडम नाडी मोजत होत्या.

डॉक्टर आले, वायरलेसला वर नेलं, सलाइन लावलं. आता मुलगा जाऊ शकत होता. तो मला हातात घेऊन तसाच उभा राहिला. मामांनी हात पुढे केला, "द्या इकडे साहेब, मी धुतो."

"राहू द्या," तो म्हणाला. "ज्याचं त्याला धुवू दे."

मामांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "कागद झाकून मागच्या मोरीत कोपऱ्याला टेकवून ठेवा." आणि मी तिथे पडून राहिले, पोटात ते वाळत, कडेला चिकटत. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यांत घाणेरडी दुपार. मुलगा बाहेरच्या बाकावर बसला होता. आता त्याने बॅग काढून शेजारी ठेवली होती.

संध्याकाळी डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा मामांच्या खांद्याला धरून वायरलेस मोरीत आला. त्याला स्टुलावर बसवलं. त्याने मला मांडीवर घेतलं, काथ्या आणि साबण घेतला आणि घासायला सुरुवात केली. मुलगा दारात उभा होता.

"मी तुम्हाला घरी नेणार नाही," तो म्हणाला.

"नको नेऊस."

"जवळपास एखादी खोली बघतो. तुमच्या पेन्शनमध्ये बसेल अशी. छकुलीला मी म्हणेपर्यंत भेटायचं नाही."

"बरं."

"आणि इथल्या भेटीला मी येईन. सारखा नाही. जमेल तेव्हा."

वायरलेसने मान हलवली. मला धुऊन पाणी ओतून टाकलं आणि मामांकडे द्यायला वर उचललं. मुलगा पुढे आला, माझ्या काठाजवळ वाकला आणि लगेच मागे सरला.

"वळीत राहिलंय," तो म्हणाला. "काठ वळलाय ना, त्याच्या आत. तिथे बसतं ते. बोट घालून काढावं लागतं."

वायरलेसने बोट घातलं. ते त्याने हळूहळू सगळ्या काठाभोवती फिरवलं आणि मुलगा दारातून पाहत राहिला.

मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. आजाऱ्याची किळस आली तर स्वतःला वाईट समजू नका आणि ती येत नाही असं नाटकही करू नका. पण एखाद्या घरात ती सगळी एकट्या लहान मुलाच्या वाट्याला येत असेल, तर तिथे खुर्ची मागे सरकवून बसू नका. जाऊन दुसऱ्या बाजूने बादली धरा. आणि मला वापरलंत तर धुऊन, पुसून, पालथी टांगा. आत पाणी राहिलं की माझी शिवण गंजते, आणि उद्या सकाळी पुन्हा गट बसायचा आहे.