बांधून ठेवलेली डोली

गुरवाने देवाच्या दोन्ही खांद्यांवर जास्वंदीच्या पाकळ्या ओल्या करून लावल्या आणि तो मागे सरला. नाथूची बायको शकू कालपासून बाळंतपणात अडली होती. उजवी पाकळी पडली तर तिला डोलीतून खाली पोलादपूरला न्यायचं, तिथून मोटारीने महाडच्या दवाखान्यात. डावी पडली तर घरीच ठेवायचं. कुडपणची माणसं उकिडवी बसून बघत होती. बाहेर भादव्याचं धुकं होतं. पाकळ्या हलत नव्हत्या.

रायबा खांबाला टेकून बसला होता. गेल्या साली त्याची आवडी अशीच अडली, तेव्हाही तो याच खांबाशी बसला होता.

आवडी पलीकडच्या वाडीची. उतारावर म्हशी चारताना दोघांचं जमलं. लग्नाचा कौल डावा पडला तेव्हा ती हसली होती. "देव रागावला तर तुझ्यावर रागावंल. मी पडले परक्या गावची." त्यांनी लग्न केलं आणि सुखाने नांदले.

बाळंतपणात मात्र ती घाबरली. रायबाने बांबूला तिचंच हिरवं लुगडं बांधून डोली तयार केली होती. तिने त्याचा हात धरला. "एकदा देवाचं मोडलं आपुन. आता तरी इचारा त्याला." तिच्या शब्दाखातर तो देवळात गेला. पाकळ्या दिवसभर चिकटून राहिल्या. तिन्हीसांजेला तो घरी आला, तेव्हा दारातल्या बायकांनी त्याच्याकडे बघितलं नाही.

लिहिलेलं चुकत नाही, असं बोलून लोकांनी त्याची समजूत घातली. नाथूची आई धोंडूबाई तेवढी तोंडावर बोलली, की डाव्या कौलावर लग्न केल्यावर दुसरं काय होणार. रायबाने ऐकून घेतलं. देवाला त्याने कधी बोल लावला नाही. देव त्या दिवशी काही म्हणालाच नव्हता. बसून राहिला होता तो रायबा. डोली गोठ्याच्या आढ्याला तशीच होती. तिच्या गाठी सोडायला त्याचा हात होत नव्हता.

तो उठून बाहेर गेला. परत आला तेव्हा त्याच्या खांद्यावर बांबू होता, बांबूला हिरवं लुगडं.

"नाथू, ऊठ."

"कौल पडूंदे ना, काका."

"पाकळी ओली हाय. या धुक्यात वाळायची नाय."

गुरव हळूच म्हणाला, "रायबा, दुसऱ्यांदा मोडू नको."

"मोडत नाय. तू बस इचारत. देवाला काय बोलायचं ते मला बोलंल."

नाथूने पाकळ्यांकडे पाहिलं, मग आईकडे. धोंडूबाई उठली आणि शकूच्या अंगावर घालायला घोंगडी आणायला घराकडे चालू लागली. तिच्यामागून नाथू उठला, मग बसलेल्यांतले भिकू आणि मालोजी.

शकूला डोलीत घातलं. रायबाने गाठी ओढून पाहिल्या. पक्क्या होत्या. पुढचा खांदा त्याने घेतला.

पहिल्या उतारावर पोचतात तोच वरून देवळाकडून हाक आली, "पडली रे, पडली."

नाथूची पावलं अडखळली. कुठली पडली, ते धुक्यात ऐकू आलं नाही.

रायबाने मान वळवली नाही. बांबू दुसऱ्या खांद्यावर घेतला आणि म्हणाला, "खाली बघून चाल. दगड निसरडा हाय."