वीस खोल्या आणि सुराबायाचा डबा

मी पत्र्याचा डबा बोलतोय. बोलतोय कसला, बोलायला लावलंय. मालनबाईने राखेने घासून माझा गंज काढला आणि म्हणाली, "सांग आता सगळं." गंजलेलो होतो तेव्हा कुणी छळत नव्हतं, तेच बरं होतं.

माझा जन्म जावा बेटावरच्या सुराबायाचा. पोटात लवंगेच्या विड्या. सालेह नावाचा खलाशी मला घेऊन मुंबईच्या गोदीत उतरला. तिथे काळाचौकीच्या जयवंताशी त्याची गट्टी जमली.

जयवंताने विचारलं, "तू नक्की कोण रे? जावाचा?"

"माँ जावा की, बाप मकासार का, बीवी तिसरे टापू की. घर में तीन बोली. लेकिन बांग्सा एक, इंडोनेशिया."

"बांग्सा म्हणजे जात?"

"जात नहीं. साथ में लडा, साथ में बैठा, वो सब एक बांग्सा."

निघताना सालेहने मला जयवंताला दिलं. मग जयवंताच्या चाळीत काहीही ठरवायचं तर चिठ्ठ्या माझ्यातच. संडास धुण्याची पाळी असो, नाहीतर गणपतीची पहिली आरती.

महाराष्ट्र झाला त्या संध्याकाळी चाळीच्या दारावर कंदील कोण लावणार, हे ठरायचं होतं. चिठ्ठ्या लिहिल्या सेक्रेटरी चिंतामणीने. जयवंत गोदीत पोती मोजणारा. सवयीने त्याने मला उपडं करून चिठ्ठ्या मोजल्या, नावं वाचली. चिठ्ठ्या एकोणीस, खोल्या वीस.

"आनंदाची कुठाय?"

आनंदा म्हणजे मालनबाईचा नवरा. चार वर्षांपूर्वी बौद्ध झालेला. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात जयवंताच्या शेजारी लाठी खाऊन मनगट मोडून घेतलेला.

चिंतामणी म्हणाला, "बुडाला चिकटली असेल. टिनपाट डबा मेला!"

माझं बूड स्वच्छ होतं हो!

आनंदा म्हणाला, "राहू दे जयवंता. कंदील लागला की झालं."

"का राहू दे? लाठी खाताना तू आमचा, आणि चिठ्ठीला नाहीस? सालेहने मला काय सांगितलं होतं? विसावी पडल्याशिवाय डब्यात कुणाचा हात जाणार नाही!"

मालनबाई पुढे झाली, चिंतामणीकडून पेन्सिल घेतली आणि नवऱ्याचं नाव सगळ्यांदेखत लिहिलं. अक्षर वाकडं, पण नाव पूर्ण.

चिठ्ठी निघाली म्हाताऱ्या कमळाबाईची. ती म्हणाली, "माझा हात कुठला पोचायला? आनंदा, चढ रे तू. आणि चिंतामणी, तू शिडी धर. नीट धर, मेल्या!"

पुढे जयवंताने मला मालनबाईला देऊन टाकलं. आता मी तिच्या फळीवर असतो, सुया-दोरे सांभाळतो. परक्या मुलखातल्या डब्याला यांनी घरचा केला. सालेहचे उपकार, जयवंताचे उपकार, मालनबाईचे तर सांगूच नका. तक्रार कुणाबद्दल नाही. एकच माणूस तेवढा चारचौघांत अजून म्हणालेला नाही, की डब्याची चूक नव्हती. खोली नंबर तीन. चिंतामणी.