पहिला बिनचूक आकडा

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं आणि मी नुकताच प्रोग्रामर. दोघांचाही तोरा सारखाच. बूढापाऱ्यातल्या आमच्या मराठी नोकरदारांच्या पतपेढीला मी फुकटात हिशेबाचा प्रोग्राम करून दिला. तिथले कारकून लहानूकाका कर्जाचे आकडे लाल शाईनं लिहीत. त्यांचं रजिस्टर मी कपाटात टाकायला लावलं.

प्रोग्राममध्ये देश निवडायचा होता. यादीत भारत पटकन सापडेना, म्हणून दिसेल तो देश ठोकून दिला. तिकडे उणे चिन्ह आकड्याच्या मागे लिहितात, हे मला कुठं ठाऊक होतं?

पहिल्याच आठवड्यात सत्यभामाबाई आल्या. नवरा रेल्वेत होता. त्याच्या आजारपणात काढलेलं कर्ज आता बाईंच्या डोक्यावर होतं. मुलगी चेतनाची नर्सिंगची फी दुसऱ्या दिवशी भरायची, म्हणून हप्त्याला मुदत मागायला आल्या होत्या. मी ऐटीत चिठ्ठी छापली: १८,०००-.

"बाई, तुमचे तं अठरा हजार जमा हायेत!"

"बाबू, माह्यावर तं कर्ज हाये ना?"

"फिटलं असन. कॉम्प्युटर खोटं नाही बोलत."

लहानूकाका रजिस्टर काढायला उठले. "राहू द्या काका," मी म्हणालो. आपल्याकडे रकमेच्या शेवटी '/-' लिहायची रीत. तिरपी रेघ प्रिंटरनं खाल्ली असं समजून ती मी स्वतःच्या पेनानं ओढली आणि खाली झोकात सही केली. बाई डोळे पुसत पैसे घेऊन गेल्या.

दोन दिवसांनी काकांनी बाईंची नवी चिठ्ठी माझ्यापुढं धरली.

"काहून गा पराग, बाईले अठरा हजार देले, तं शिल्लक छत्तीस हजार कशी झाली? असं खातं मलेही उघडून दे ना."

मी रजिस्टर मागितलं. बाईंच्या नावापुढं लाल शाईत अठरा हजार होते.

निरोप मिळताच बाई धावत आल्या. फीची पावती त्यांनी टेबलावर ठेवली. "पोट्टीचं नाव कटवून घेऊ, बाबू. फी वापस भेटन." चेतना दारातच उभी होती. गोल बाजारातून आणलेलं गणवेशाचं कापड तिच्या पिशवीत होतं. ती माझ्याकडं बघतही नव्हती. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"नाव नका कटवू," मी म्हणालो. "सही माही हाये. ते रेघही माहीच हाये."

लहानूकाकांनी वरचे अठरा हजार माझ्या नावावर चढवले. लाल शाईनं, अगदी सावकाश. मी प्रोग्राममधला देश बदलला. या खेपेला यादी शेवटपर्यंत वाचली. दुरुस्ती तपासायला कर्जातलं एखादं खातं हवं होतं, आणि ते लांब शोधावं लागलं नाही. प्रिंटर कुरकुरला: पराग, -१८,०००. चिन्ह पुढं, चांगलं ठळक.

काकांनी चष्मा वर करून चिठ्ठी पाहिली.

"आता बरोबर छापून राहिला," ते म्हणाले.