अडून बसलेली टॉपलिंक

मी टॉपलिंक बोलतेय. नाव ऐकून कपाळाला आठ्या घालू नका. छोट्या ट्रॅक्टरच्या मागं तीन हात असतात. खालचे दोन ओझं उचलतात आणि वरचा तिसरा हात मी. हातभर लांबीची नळी आणि दोन्ही टोकांना आटे पाडलेले दांडे, एवढंच माझं रूप. मला पिळलं की मी लांबते, उलटं पिळलं की आखडते. मी नसले तर मागचा रोटाव्हेटर, माती भुसभुशीत करणारं अवजार, कलंडून पडतो. असा माझा मान होता, आणि मान असलेल्याला अपमान जास्त झोंबतो.

भांडगावच्या म्हस्कूआबांकडं ट्रॅक्टर आला, त्याच्याबरोबर मी आले. आबांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. पुढं ते शेतीत स्थिरावले, पण हत्यार जपायची सवय सुटली नाही. लोकर कातरायची कातर ते जशी पुसून टांगायचे, तशीच मलाही टांगायचे. बिनधुतल्या लोकरीचा बोळा माझ्या आट्यांवरून फिरवायचे. त्या लोकरीला अंगचंच तेल असतं. चार पावसाळे मला गंज शिवला नाही.

मग आबांच्या मुलानं, रविराजनं, बॅकहो आणला. म्हणजे ट्रॅक्टरच्या मागं बसवायचा, खोदणारा लांब हात. तो बसवायचा तर मला काढावंच लागतं. काढण्यात अपमान नाही. काढून कुठं ठेवता, त्यात आहे.

रविराजनं मला आधी कांद्याच्या ताडपत्रीवर वजन म्हणून ठेवलं. नंतर माझ्या टोकानं दगड उचकटले. शेवटी गोठ्यामागं फुटक्या युरियाच्या गोणीवर भिरकावलं. युरिया ओल धरतो आणि लोखंड खातो, हे शेतकऱ्याच्या पोराला कुणी सांगावं?

आबांनी सांगून पाहिलं, "आरं, तिला खिळ्याला आडकीव. लागंल कवातरी."

"आबा, आता समदं काम बॅकहोचं हाय. तिचं काय लोणचं घालायचंय?"

तो हसला, ते मी ऐकलं. आबांचे गुडघे धरलेले, गोठ्यामागच्या चिखलात त्यांचं येणं होत नसे. मी एकटी गंजत पडले आणि डूख धरला.

आमच्या रानाला लागून सगुणाबाईचं रान. ती आबांची थोरली भावजय, नवरा वारलेला. दोघा भावांची वाटणी तोंडी झालेली, तिचा कागद नव्हता. मधला बांध आणि त्यावरचा दगड हाच त्यांचा कागद. आता लेखी वाटणी करायचं ठरलं. भावकीतले वडीलधारे पोपटराव चार माणसं घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी बांध बघायला येणार होते. सगुणाबाई लेकीला आणायला दौंडला गेली होती, कारण सही तिचीही लागणार होती.

रविराजनं ती दुपार साधली. बॅकहोनं बांध उकरला, दगड उपटला आणि बारा पावलं पलीकडं, चुलतीच्या रानात नेऊन रोवला. नवा बांधही घातला. पण बॅकहोच्या बकेटच्या, म्हणजे खोदणाऱ्या पंजाच्या, दातांचे ओरखडे रानभर उठले होते. वरून रोटाव्हेटरचा एक फेरा मारला की सगळं सारखं होणार, मग विधवेचा शब्द विरुद्ध त्याचा शब्द.

त्यानं लिंबाखाली बॅकहोचे पाय टेकवले, पिना उपसल्या, तेलाच्या नळ्या सोडल्या आणि ट्रॅक्टर पुढं काढला. हात सरावाचा होता. रोटाव्हेटर खालच्या दोन हातांना लावला. मग त्याला माझी आठवण झाली.

"सोनम, टॉपलिंक कुठं हाय गं?"

"तुमीच न्हाई का युरियावर टाकली?" बायको घरातूनच म्हणाली.

त्यानं मला उचललं. रोटाव्हेटरला जोडायला मला वीतभर लांब करायचं होतं. त्यानं पहार घालून पिळलं, डिझेल ओतलं, घणानं बडवलं. मी केसभर हलले नाही. बडव, म्हटलं, तुझा दिवस आज आहे, माझाही आजच आहे.

तो शेजारच्या सोपानरावांकडं पळाला. त्यांचा ट्रॅक्टर मोठा, त्याच्या टॉपलिंकची पिन आमच्या भोकात जाईना. वरवंडच्या दुकानदारानं फोनवर सांगितलं, "छोट्याची पुण्यास्नं मागवावी लागंल. परवा या." मग रविराजनं माझ्या जागी साखळी बांधली. रोटाव्हेटर जमिनीला टेकताच असा उसळला की त्यानं घाबरून ट्रॅक्टर बंद केला. मला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

दिवस कलला तसे आबा काठी टेकत आले.

"आबा, तुमच्या हाताला सुटंल बघा ही. बघा की जरा."

आबांनी मला मांडीवर घेतलं. माझी दशा पाहून त्यांचा चेहरा उतरला. खिशातून लोकरीचा बोळा काढून ते मला चोळत राहिले, मग दोन्ही तळव्यांनी पिळलं. काय सांगू, त्या हातांपुढं माझा हट्ट टिकेना. मी पाव फेरा फिरले. ते फक्त त्यांना आणि मला कळलं.

"एवढी घाई कशापायी रं?"

"रान सारखं करायचंय. सकाळच्याला मान्सं येनार."

आबांनी मान वर केली. दगड दिसला, पण भलत्याच जागी. मग त्यांनी मला उलटं पिळून होते तिथं आवळून टाकलं.

"न्हाई सुटत. मेलीया ती."

"आबा, जरा जोर लावा की!"

"तुझाच जोर लई झाला," आबा म्हणाले आणि उठले.

सकाळी पोपटराव आले. सगुणाबाई लेकीला, अंकिताला, घेऊन आली. रानभर ओरखडे तसेच होते. पोपटरावांनी एकात बोटं घालून पाहिली.

"रविराज, बांधाला दात कवा फुटले रं?"

रविराज बापाकडं बघायला लागला. आबा नव्या बांधापासून बारा पावलं मागं चालत आले आणि भुसभुशीत मातीत काठी रोवली.

"दगड हितं व्हता. मी आन् दादानं रोवलेला. वैनी, ल्हेऊन घ्या."

सगुणाबाईनं तोंडाला पदर लावला. बॅकहो लिंबाखाली सुटा पडलेला आणि ट्रॅक्टरला रोटाव्हेटर लोंबत होता. त्यामुळं दगड हातानंच हलवावा लागला. सगळ्या भावकीसमोर रविराजनं तो पहारीनं उपटला, छातीशी धरून बारा पावलं आणला, कुदळीनं खड्डा केला आणि रोवला. कुणी हात लावला नाही.

दगडाशेजारी आबांनी मला ठोकून उभं केलं, खूण म्हणून. निम्मी जमिनीत, निम्मी वर. ट्रॅक्टरला आता नवी टॉपलिंक आहे. रविराज तिला रोज पुसून खिळ्याला टांगतो, असं सोनम सांगत होती. हे शहाणपण त्याला आधी सुचलं असतं तर मीही आज खिळ्यावर असते. तुम्ही तरी काढलेलं हत्यार भिरकावू नका. ते पडल्या जागी सगळं ऐकत असतं.

आबा अजून लोकरीचा बोळा घेऊन येतात आणि माझं वरचं टोक पुसतात. खालून गंज चढतोय, ते आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. दोन-चार पावसाळ्यांत मी मातीत मिळेन. तोवर मात्र रविराजला प्रत्येक फेऱ्याला इथं, या हद्दीशी येऊन, रोटाव्हेटर उचलून वळावं लागतं. तो माझ्याकडं बघत नाही. मी बघते.