जेटमधलं वळण

जेट वाकलेला आहे असं धाकट्यानं सांगितलं, तेव्हा ताईनं त्याला भर सभेत खोटं पाडलं.

दोघं बहीणभाऊ एकाच वेधशाळेत होती. दूरच्या दीर्घिकेच्या गाभ्यातलं कृष्णविवर पदार्थाचा एक झोत जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं बाहेर फेकतं, तो जेट. धाकटा रेडिओ दुर्बिणींनी त्याच्या प्रतिमा घ्यायचा, ताई संगणकावर त्याची मॉडेल्स बांधायची. एकाच दीर्घिकेवर धाकट्यानं सहा वर्षं घालवली होती. शेवटच्या प्रतिमांत जेटमधला एक तेजस्वी ठिपका सरळ रेघ सोडून बाजूला गेलेला दिसत होता. ताईच्या मॉडेलमध्ये जेट सुतासारखा सरळ होता.

"दुर्बिणींचं कॅलिब्रेशन चुकलंय, जुळणीच बिघडलीय," ती म्हणाली. "माझा भाऊ आहे म्हणून मी डोळेझाक करणार नाही."

सगळ्यांनी तिच्या निःपक्षपातीपणाचं कौतुक केलं. धाकट्यानं लॅपटॉप मिटला. महिन्याभरात नोकरी सोडून तो एका शाळेत विज्ञान शिकवायला लागला. ताईला वाटलं, रुसलाय, येईल चार दिवसांत. चार दिवसांची दोन वर्षं झाली. फोन दोघांपैकी कुणीच केला नाही.

मग दुसऱ्या एका गटाच्या प्रतिमा आल्या. दुर्बिणी वेगळ्या, माणसं वेगळी, आणि ठिपका धाकट्यानं दाखवला होता तिकडेच निघालेला. ताईनं मॉडेल पुन्हा मांडलं. जेटचं मूळ भोवऱ्यासारखं डोलतंय असं धरलं आणि वळण आपसूक आलं. दुपारच्या जेवणाचा डबा न उघडताच तिनं धाकट्याला फोन लावला. भावजयीनं उचलला.

"ताई, तो हॉस्पिटलमध्ये आहे. ब्रेन ट्यूमर. तुम्हाला कळवू नको म्हणाला होता."

ताई प्रतिमा छापून घेऊन तशीच धावली. धाकट्याची दृष्टी गेली होती. हातातला कागद बाजूला ठेवून तिनं त्याचा तळवा उघडला आणि त्यावर बोटानं जेट काढला; आधी सरळ, मग वळलेला.

"किती अंश?" त्यानं विचारलं.

"अकरा."

"मी बारा म्हटलं होतं." तो हसला. "म्हणजे चुकलंच की माझं."

ताईचा बांध फुटला. "मला माफ कर रे."

"चूक काढलीस त्याचं काही नाही गं. ते आपलं कामच आहे. पण सभेच्या आदल्या दिवशी मी तुझ्याकडेच जेवायला होतो ना? तेव्हा बोलायचंस."

 शंका तिला तेव्हाच आली होती. सभेत बोललं तर वजन पडेल, म्हणून तिनं ती राखून ठेवली होती.

नवव्या दिवशी तो गेला.

त्याच सभागृहात उभं राहून ताईनं सगळं सांगितलं, आदल्या दिवशीच्या जेवणासकट. टाळ्या वाजल्या नाहीत. मग तिनं शोधनिबंध पाठवला, पहिलं नाव धाकट्याचं घालून.

दोन दिवसांनी भावजयीचा फोन आला.

"ताई, त्याच्या मेलवर नियतकालिकाचं पत्र आलंय. लेखात त्याचं नाव घालायला त्याची संमती आहे का, असं त्यालाच विचारलंय. काय लिहू?"

 भावजय उत्तरासाठी थांबली.

"हो लिहिते," ती म्हणाली.