सगळे पॉइंट बोलण्याला

"अप्पा, तलवारीला दोन तरी द्या की! समदेच बोलण्याला? काय करून राहिलात तुमी!"

सुकन्या हसत होती. तिचे वडील रामलिंग हसले नाहीत. संगणकावरच्या त्या खेळात आपल्या माणसाला काय काय यावं, ते आधीच ठरवायचं असतं. तलवार, धनुष्य, ढाल, झाडपाल्याची ओळख, बोलून मन वळवणं. वाट्याला दहा पॉइंट. रामलिंगनी दहाही एकाच ठिकाणी टाकले.

धर्माबादच्या मिरची बाजारात त्यांनी सव्वीस वर्षं हर्राशी, म्हणजे मालाचा लिलाव, पुकारली होती. व्यापारी ढिगाभोवती जमले की रामलिंगचा पुकारा पार रस्त्यावर ऐकू जायचा. गेल्या वर्षी गळ्याच्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, आवाजही गेला. आता तोंडातून नुसती हवा निघायची. भेटायला येणारी माणसं पाच-दहा मिनिटं एकटीच बोलत, ते पाटीवर उत्तर लिहीपर्यंत अवघडून उठत. पुढे यायचीच बंद झाली. सुकन्या कंपनीचं काम घरूनच करायची. दुपारी संगणक मोकळा झाला की ती खेळ लावून द्यायची, त्यातलं इंग्रजी मराठीत सांगायची, आणि ते बोटांनी उत्तर निवडायचे.

पहिल्याच जंगलात लांडग्याने त्यांना मारलं. सात वेळा मारलं.

"आता तरी तलवार घ्या."

त्यांनी मान हलवली. आठव्यांदा ते जंगलात शिरलेच नाहीत. अलीकडच्या धनगराशी बोलत बसले. शेवटी धनगरच कुत्री घेऊन सोबत निघाला.

महिन्याभराने किल्ल्याचा दरवाजा आला. समोर सरदार आणि चाळीस सैनिक.

"एक, लढा. दोन, पळा. तीन, शरण जा." सुकन्या थबकली. "अप्पा, चौथं बी हाय! लई बोलणाऱ्यालाच दिसतंय वाटतं. 'ही कुणाची तरी लेकरं हायेत, घरला जाऊ दे त्यांना.'"

चार बोटं वर झाली. सरदाराने तलवार म्यान केली. मग दरवाजा उघडला. एकही माणूस मेला नव्हता. रामलिंगचे खांदे गदगदत होते. ते हसत होते.

त्याच आठवड्यात, ज्या अडत दुकानासाठी ते पुकारायचे तिथला मुनीम वीरण्णा कागद घेऊन आला. रामलिंग समोर बसले असताना तो सुकन्याशीच बोलू लागला.

"रामलिंगमामाच्या जागी नवा माणूस घ्यायचा हाय. काम खुशीनं सोडलं म्हणून सही पायजे. समजतंय ना त्यांला?"

"त्यांनाच विचारा की."

"बोलता येत न्हाई, काय विचारू?"

रामलिंगनी पाटी ओढून काहीतरी लिहिलं. सुकन्या वाचायला वाकली, तर तिला हाताने अडवून त्यांनी पाटी वीरण्णापुढे धरली.

"मी सही करणार..." वीरण्णा पुटपुटला.

रामलिंगनी टेबलावर थाप मारली आणि तळहात वर उचलला. मोठ्यानं वाच.

वीरण्णाने घसा खाकरला. "मी सही करणार न्हाई. पुकारणं गेलं, मालाची पारख न्हाई गेली. हात लावून मिरची सांगतो. ते काम द्या. सोमवारी येतो."

त्याने वर पाहिलं. रामलिंगनी पाटी पुसली होती आणि ते पुढचं लिहीत होते. वीरण्णा वाचायला थांबून राहिला.