विद्युतानंदांचा मेलेला लॅपटॉप

कामरगावच्या सभामंडपात चप्पल ठेवायला जागा नव्हती. पाटावर हार घातलेला लॅपटॉप, आणि मागे त्याच्याहून जास्त हार घातलेले विद्युतानंद महाराज. पडद्यावर अर्धाच लिहिलेला मंत्र. महाराजांनी बटण दाबलं. पडदा काळा झाला. मग त्यांनी बॅटरी उपसून पुढच्या रांगेतल्या उकंडरावांच्या हातात कोंबली.

"धरून ठेवा! याचा प्राण तुमच्या मुठीत हाय!"

भजन झालं, आरती झाली. महाराजांनी बॅटरी बसवली, अंगारा फुंकला, बटण दाबलं. पडद्यावर तोच अर्धा मंत्र!

मोबाईलची बॅटरी काढली की तो पहिल्यापासून सुरू होतो, हे सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे मंडपात जयजयकार.

"मेलेलं यंत्र जित्तं केलं म्या! लेकराची मिरगी काय चीज हाय? झोपवून टाकतो! फक्त गोळ्या बंद करा. गोळ्यांनं माही लहर अडते."

माझ्या शेजारच्या कस्तुराकाकूंनी नातीच्या, निकिताच्या गोळ्यांचं पाकीट आरतीच्या ताटात टाकलं. मागे गोळ्या चुकल्या तेव्हा ही पोर फिट येऊन पेटत्या चुलीशेजारी कोसळली होती.

मी समोरच्याच घरातून माझा जुना लॅपटॉप आणला. कडेवर बाळ होतंच. ते रडलं की मी लिहिणं सोडून हा लॅपटॉप असाच झोपवते. वीज वाचते, आणि अर्धी ओळ माझी वाट पाहते.

सगळ्यांदेखत मी तो झोपवला, बॅटरी काढली आणि निकिताला दिली.

"बसव, बेटा. दाब बटण."

"अंगारा कुठी हाय?" महाराज गुरगुरले.

"हात धुतले तिनं. तेवढं पुरे."

पडदा उजळला. बाळाच्या अंगाईची माझी अर्धी ओळ तिथेच होती.

"मावशी, मी बी महाराज झाली!"

मंडप खदखदला.

"याले हायबरनेट म्हणतात," मी म्हणाले. "बंद व्हायच्या आधी मशीन चालू असलेलं सगळं आपल्या डिस्कवर लिहून ठेवते, मंग वीज पार तोडते. बॅटरी काढली तरी लिहिलेलं पुसत नाई. चालू केलं की थेच वाचते. उकंडरावकाका, तुमी औत सोडतांना शेवटच्या तासाले, नांगराच्या रेघेले, खूण करता, सकाळी तिथूनच जुपता. तसंच."

"मंग माह्या मुठीत प्राण नोता?"

"बॅटरी होती."

"आन मी लघवीले बी गेलो नाई वो!"

महाराजांना एकदम रिसोडचा कार्यक्रम आठवला. हारासकट निघाले.

कस्तुराकाकू मात्र घुटमळल्या. "पण माय, या गोळ्या रोजच द्या लागतात. बरी कुठी होते पोरगी?"

"रोज देता म्हणूनच पडत नाई, काकू."

त्यांनी पाकीट उचललं, त्यावरचं कुंकू पदरानं पुसलं.

कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी तोच एखाद्या लेकराच्या हातून करून पाहा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका.

निकितानं पाण्यासोबत गोळी गिळली आणि आजीला ठणकावलं, "आजे, माह्या डोक्शात बटण नाई!"